मनगटावरचा हिवाळा

गंगापूर रोड, नाशिक
१६ नोव्हेंबर

चैताली,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, माहीत आहे. पण एकमेकांना फोन करायचा नाही असं समुपदेशक बाईंसमोर आपणच कबूल केलं, तू माझा नंबरही बंद करून टाकलास, आणि वास काही मोबाइलवरून पाठवता येत नाही. म्हणून हे कुरिअर. कापसात गुंडाळलेली छोटी कुपी आहे. फेकायची असेल तर निदान पत्र वाचून फेक.

या हिवाळ्यात मी रानाची अत्तरं करतोय. गुलाब-मोगरा सगळेच विकतात. मला पेठकडचं थंडीतलं रान हवं आहे. सागाची वाळकी पानं, दवाने भिजलेल्या साली, कुठेतरी लांब पेटलेली शेकोटी. पहिलं तेल तयार झालं, त्याचं नाव ‘पहाट’. कागदाच्या पट्टीवर ते इतकं देखणं आहे की मीच माझी पाठ थोपटून घेतली. पण कागद तो कागद, त्याला ना ऊब ना घाम. तेलाचा खरा स्वभाव कातडीवर कळतो, आणि तिथंच घोडं अडलंय. बाटल्या भरायला येणाऱ्या वैष्णवीच्या हातावर ते बघता बघता आंबूस होतं. माझ्या हातांना तर सकाळपासून इतकी तेलं लागलेली असतात की त्यांचा काही उपयोग नाही.

लग्न झाल्यापासून माझं प्रत्येक तेल तुझ्या मनगटावर तयार झालं. तुझी आंघोळ झाली की टेबलाशी बसायचं, मी थेंब लावायचा, डोळे मिटून वास घ्यायचा, चहानंतर परत, तू नोकरीला ओझरच्या बसने निघायच्या आधी परत. डोळे मिटल्याशिवाय मला वास नीट कळतच नाही, तुला ठाऊक आहे. तर एवढं कर. सकाळी एक थेंब लाव आणि आधी कसं येतं, मग कसं होतं, संध्याकाळी काय उरतं, ते लिही.

आणि आडून आडून लिहिण्यात अर्थ नाही म्हणून सरळच लिहितो. मार्चमध्ये कोर्टाची दुसरी तारीख आहे. तिथे तू घटस्फोट नको म्हणावंस आणि घरी यावंस, असं मला वाटतं. आपण नक्की कशावरून भांडलो हे मी खूप आठवून बघितलं, पण आठवत नाही.

तुझा (हे खोडत नाही),
सुयश

ओझर
२९ नोव्हेंबर

सुयश,

जय भीम.

कुपी परत पाठवायची म्हणून नवीन पाकीटसुद्धा आणलं होतं. आईने ते काढून घेतलं. म्हणाली, एवढं जीव लावून केलंय त्याने, बघू तरी. तुझी वकिली करायला आमच्याच घरात माणूस बसलं आहे, तुला वेगळा वकील कशाला हवा?

आता ‘पहाट’. लावल्याबरोबर निलगिरी नाकात घुसते, सर्दीच्या बामासारखी. ती कमी कर, रानात जाऊन कुणाला सर्दी आठवायची नसते. चहाला उकळी येईपर्यंत ती उडून गेली आणि खालून देवदाराचं लाकूड आलं, नुकताच रंधा मारल्यासारखं कोरडं. मग मागच्या ओट्यावर ऊन आलं, तिथे बसल्यावर तेल मऊ पडलं आणि ओल्या सालीचा वास यायला लागला. हा भाग चांगला आहे, त्याला हात लावू नकोस. खरी गंमत झाली ती भाकरी थापताना. तव्याची धग लागली तसा मावळलेला वास परत वर आला, या वेळी गोडसर होऊन. संध्याकाळी खस तेवढी उरली होती, तीही नाक टेकवलं तर.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, चालवून घे. हात सध्या बरे नाहीत. पेन धरायला त्रास होतो.

मार्चचं मार्चमध्ये बघू. भांडण तुला आठवत नाही हे वाचून मला हसायला आलं. मला आठवतं.

चैताली

गंगापूर रोड
११ डिसेंबर

प्रिय चैताली,

पत्र हातात पडलं तेव्हा मी खरंच खुर्चीवरून उठून उभा राहिलो. वैष्णवी म्हणाली, सर, लॉटरी लागली का? म्हटलं, त्याहून मोठं.

किती नेमकं लिहिलंस! धगीने वास परत वर येतो, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. थंडीत कातडी आक्रसलेली असते, तेल आत दडून बसतं, ऊब मिळाली की बाहेर येतं. मी निलगिरी जवळजवळ काढूनच टाकली. तिच्या जागी लिंबाचं पान चोळल्यावर येतो तसा हलका हिरवा वास ठेवला आहे. आणि तू भाकरी थापायला कधीपासून लागलीस? तुझी पहिली भाकरी खालच्या कुत्र्याने हुंगून सोडून दिली होती. ओझरच्या हवेने माणूस सुधारतं म्हणायचं.

सोबत दुसरं तेल पाठवतोय, ‘शेकोटी’. यात नागरमोथा आहे, सालईची राळ आहे, चिमूटभर दालचिनीचं तेल आहे आणि माझं लाडकं दगडफूल. ओझरच्या आई काळ्या मसाल्यात घालतात तेच. रानात झाडांच्या सालीवर ते करड्या पापुद्र्यांसारखं वाढतं. त्याच्या अर्काशिवाय माझं एकही तेल पुरं झालेलं नाही, कारण रानाच्या तळाचा तो ओलसर, जुनाट वास दुसऱ्या कशातच नाही.

आठवतं, लग्नाच्या पहिल्या थंडीत आपण पेठकडे गेलो होतो? मला रानातून साली-मुळ्या आणून देणाऱ्या बुधाच्या अंगणात शेकोटीशी बसलो होतो. मी सालीवरचं दगडफूल खरवडून तुझ्या हातावर चोळलं आणि तू हसून दुसरा हात पुढे केलास. मला ते सगळं या कुपीत हवं आहे. लावून बघ आणि काही म्हणजे काही गाळू नकोस.

तुझाच,
सुयश

ओझर
२४ डिसेंबर

सुयश,

‘शेकोटी’ मी दोन दिवस टाळत होते. मग रविवारी लावायचं ठरलं.

पहिल्यांदा नुसता धूर. डोळ्यांत जाईल असा नाही, दुसऱ्याच्या अंगणातून येतो तसा. त्यात दालचिनी जरा जास्त टोचते. मग राळ पुढे आली, तिने सगळं गुळगुळीत केलं. पण दुपारपर्यंत तेल जवळजवळ गायब. थंडीने कातडी इतकी सुकलेली की ते धरतच नव्हती. मग आधी खोबरेल चोळून, पुसून, त्यावर थेंब लावला. तेव्हा ते बसलं. असं बसलं की संध्याकाळपर्यंत हाललं नाही. शेवटी दगडफूल आणि नागरमोथा एवढेच राहिले आणि त्या दोघांत तो वास होता. विझत आलेल्या शेकोटीचा, राखेखालच्या उबेचा. बुधाच्या अंगणातला. तू ते पकडलंस, सुयश. एवढं मान्य करायलाच हवं.

आता माझं ऐक. मागचं तुझं पत्र मी परत वाचलं. त्यात माझी चौकशी कुठे आहे ते शोधत होते. निलगिरी भेटली, कुत्रा भेटला, बुधा भेटला. मी कुठे सापडले नाही. मी कशी आहे हे विचारायला कुपी लागत नाही. नुसतं विचारलंस तरी मी उत्तर देईन.

चैताली

गंगापूर रोड
६ जानेवारी

प्रिय चैताली,

चुकलंच. तू कशी आहेस? बरी असशील, तुझ्या लिहिण्यात पहिल्यासारखी धार आहे म्हणजे बरीच असणार. ते खोबरेलाचं तुला सुचलं कसं? मी लगेच करून बघितलं. सगळं गणितच बदललं! तेल आता खोबरेलातच उतरवतोय, म्हणजे गिऱ्हाइकाला वेगळं काही चोळायला नको. दालचिनी निम्मी केली. दगडफूल वाढवलं, कारण शेवटी तेच टिकतं असं तूच लिहिलंस.

‘पहाट’ आणि ‘शेकोटी’ एकत्र करून मी तिसरं तेल केलं आहे. सकाळी दव, दुपारी साल, संध्याकाळी राख. रानातला हिवाळ्याचा अख्खा दिवस एका थेंबात. त्याचं नाव काय ठेवलं असेल? ‘चैताली’. नाही म्हणू नकोस, बाटल्यांवर नाव छापूनही झालं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे, ‘एका मनगटावर घडलेलं’.

महिनाअखेरीला इथे हस्तकलेचं प्रदर्शन भरतंय, त्यात आपला स्टॉल आहे. तू ये. तू नुसती बसून राहा आणि लोकांना हात पुढे करून दाखव, तेल कसं बोलतं ते. बाकी मी बघतो. त्यानंतर मार्चची तारीख म्हणजे फक्त जाऊन नाही म्हणायचं आणि घरी यायचं. तुझं पत्र वाचून मला आता धास्ती राहिलेली नाही. मनात काही नसतं तर कुणी एवढं लिहितं का?

तुझाच,
सुयश

गंगापूर रोड
२ फेब्रुवारी

चैताली,

तुझं पत्र नाही. स्टॉलवर मी दोन्ही दिवस दाराकडे बघत होतो. तू आली नाहीस. सुट्टी मिळाली नसेल अशी समजूत काढून घेतली.

एक कोडं पडलं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला विचारू? तेल लोकांना आवडलं, पण ते भलत्याच लोकांच्या हातावर खुलतं. कॉलेजच्या, नोकरीच्या मुली आल्या, त्यांच्या हातावर ते चिकट गोड झालं, दगडफूल तर नुसतं मसाल्याच्या डब्यासारखं आलं. त्यांनी नाकं मुरडली. आणि साठीच्या पुढच्या बायका, काटक, उन्हातान्हात वावरलेल्या, त्यांच्या हातावर हुबेहूब तू लिहिलं होतंस तसं. दव, साल, राख, सगळं त्याच क्रमाने. एक आजीबाई तर हात हुंगत बसूनच राहिल्या. तुझ्या मनगटावर घडलेलं तेल तुझ्या वयाच्या एकाही मुलीच्या हातावर बसत नाही, असं कसं?

मी रागावलेलो नाही. फक्त लिही.

सुयश

ओझर
११ फेब्रुवारी

सुयश,

बसत नाही, कारण ते माझ्या मनगटावर घडलेलंच नाही. ते आईचं मनगट होतं.

पहिल्या दिवशी कुपी तिनेच उघडली आणि थेंब स्वतःला लावला. ओट्यावर ऊन खात बसली ती, भाकरी थापली तिने, खोबरेल चोळलं तिने. मी तिचा हात धरून वास घेत होते आणि तुला लिहीत होते. तुला फसवायचं असं ठरवलं नव्हतं. तू ते माझंच धरून चाललास आणि मी तुला थांबवलं नाही, एवढं माझ्याकडून झालं. तू आईच्या हाताला प्रेमपत्रं लिहिलीस हे आठवून मध्ये मध्ये हसूही येतं.

मला कुठलंच तेल लावता येत नाही. आपण एकत्र होतो तेव्हापासून. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासलं होतं. दगडफूल आणि दालचिनी. रोज सकाळी थेंब, वरून परत थेंब, असं वर्षानुवर्षं चाललं आणि कातडीने वैर धरलं. ते आता सुटणार नाही म्हणाले. काळा मसाला कुटायला घेतला तरी मला घराबाहेर बसावं लागतं. हात फुटतात, पाणी येतं, मग काळे पडतात. भर मे महिन्यात मी पूर्ण बाह्या घालत होते, तर तू म्हणालास, छान दिसतात.

तुला मी सांगितलं नव्हतं असं नाही. हात खाजतो म्हटलं की तू म्हणायचास, थंडी आहे. थेंब डाव्याऐवजी उजव्या हाताला लाव म्हटलं, तू कारणही न विचारता उजवा धरलास. रोज इतक्या जवळून तू माझ्या हाताचा वास घेतलास आणि एकदाही डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं नाहीस. आणि भांडण तुला आठवत नाही म्हणतोस, तर ऐक. एका सकाळी मी मलम लावून टेबलाशी बसले. तू वास घेतलास आणि म्हणालास, “मलमाचा वास मध्ये येतोय. धुऊन ये.”

मलम कशाचं, हे विचारलं नाहीस. मी उठले, हात धुतला, तुला थेंब लावू दिला आणि बसमध्ये बसल्यावर ठरवलं की संध्याकाळी आईकडे जायचं. रात्री फोनवर आपण भांडलो ते यावरून. तू म्हणालास, मलम दुपारी लावत जा, एवढंच ना.

तरी या थंडीत मी वाट बघत होते. पहिल्याच पत्रात मुद्दाम लिहिलं की हात बरे नाहीत. तू भाकरीवर हसलास. मग चौकशी तोंडाने मागून घेतली. तू कशी आहेस विचारलंस आणि उत्तरही तूच देऊन खोबरेलाकडे वळलास. त्याच पत्रात दगडफूल वाढवल्याचं कळवलंस.

‘शेकोटी’ लावली त्या संध्याकाळी मी आईचा हात नाकाशी धरून रडले. तो वास खरंच तिथला होता. आई म्हणाली, “जा ना मंग त्याच्याकडं. लय झालं आता दोघांचं.” मी म्हटलं, एकदा विचारू दे त्याला, मी जाते. खरंच गेले असते, सुयश. हात कसा आहे एवढं विचारलं असतंस तर मार्चमध्ये मी नाही म्हणाले असते. तुला टोचावं म्हणून नाही लिहीत. मलाही त्याचं वाईट वाटतं, आणि ते तुला माहीत असावं.

आता मी कोर्टात हो म्हणणार आहे. ओझरला येऊ नकोस, पत्रही नको. बाटल्यांवरून माझं नाव काढ. तेल मात्र चांगलं झालंय, ते आईच्या वयाच्या बायकांना वीक.

चैताली

गंगापूर रोड
२३ मार्च

चैताली,

पत्र नको म्हणाली होतीस. हे शेवटचं, आणि याला उत्तर नको. फेब्रुवारीत मी तुला लिहायला बसायचो आणि फाडायचो. माफी मागायला सुरुवात करायचो आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत परत तेलावर यायचो. तेव्हा मला कळलं की तू काय सहन केलंस.

नाव काढलं. दगडफूल आणि दालचिनी दोन्ही बंद केली. त्याशिवाय रान होत नाही, तर नाही झालं.

परवा कोर्टात तू बाह्या कोपरापर्यंत दुमडून आली होतीस. मुद्दाम की उकाड्याने, माहीत नाही. सही करायला तू वाकलीस तेव्हा मी बघितले. दोन्ही हात. मनगटापासून वर काळवंडलेली, जाड झालेली कातडी, आणि मध्ये मध्ये ओल्या भेगा. मला वाटलं होतं एखादा डाग असेल, पुरळ असेल. पत्रात तू किती कमी करून लिहिलं होतंस! पेन धरताना तुझा अंगठा वळत नव्हता. मला काहीतरी बोलायचं होतं, पण जे विचारायला हवं होतं ते विचारायची वेळ निघून गेली होती, आणि आता विचारलं असतं तर ते मला हलकं वाटावं म्हणूनच झालं असतं. तेवढ्यात न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, संमती आहे ना, कुणाचा दबाव नाही ना? मी म्हणालो, हो, संमती आहे.

तू रिक्षा बघायला पुढे गेलीस. बाहेरच्या बाकावर तुझी आई बसली होती. त्यांना आता ‘आई’ म्हणायचं की नाही हे मला कळेना, म्हणून मी लांबच उभा राहिलो. त्यांनीच मला जवळ बोलावलं, शर्टाची कॉलर सारखी केली आणि विचारलं, “जेवला का रे?”

मी हो म्हणालो. त्या दिवशी दोनदा मी हो म्हणालो आणि दोन्ही वेळा खोटं बोललो.

सुयश